जुन्या इंजिनातलं काय घ्यायचं, काय टाकायचं



मागच्या महिन्यात खाडीकाठच्या एका गटात कर्जाचा अर्ज आला. घरच्या होडीचं ९.९ हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड इंजिन दमलं होतं. भंगारात त्याच कंपनीचं १५ चं बंद इंजिन मिळत होतं. "त्याचे पार्ट काढून आपल्याला लावू, होडी जोरात पळेल," असं त्या ताईंचं म्हणणं. तासभर चर्चा झाली, पण बघायचं काय हे कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही, समाजकार्याच्या कॉलेजात हे शिकवत नाहीत! मग मी बंदरावरच्या मेकॅनिककाकांकडे जाऊन बसले.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी बघा. सुरू करायची दोरी हाताने ओढा. इंजिन फिरलंच नाही, तर आत खाऱ्या पाण्याने गंज धरलेला असू शकतो. मग खालच्या गिअरच्या पेटीचा स्क्रू सैल करून थोडं तेल काढा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर सील फुटून आत पाणी गेलंय. त्या पेटीची किंमत धरू नका.

पंखा वाकलेला, तडकलेला नसेल तर घ्या. कार्बोरेटर साफ करून चालतो. वरचं झाकण, दोरीची चकती, हँडल हेही कामाचं. पण रबर जुनं घ्यायचं नाही, म्हणजे नाहीच. ऑइल सील, पेट्रोलची नळी आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी ओढणारा इम्पेलर. इंजिन थंड ठेवायचं काम त्याचं. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते ना, तीच त्याची खूण. धार थांबली तर लगेच इंजिन बंद करायचं, नाहीतर तापून पिस्टन धरतो. आणि ओहोटीला खाडीच्या मुखाशी इंजिन बंद पडलं, तर होडी कुठे ओढली जाईल हे तुम्हाला मी काय सांगू!

आता जोर वाढवायचं. काही कंपन्यांच्या ९.९ आणि १५ चा मूळ सांगाडा एकच असतो, फरक कार्बोरेटरसारख्या भागांत. त्यामुळे बदल जमतो, पण पार्टचा नंबर जुळवूनच. जोर वाढला की पेट्रोलही जास्त लागतं, होडीची मागची फळी तेवढी भक्कम लागते, आणि होडीच्या कागदांवर इंजिनाची ताकद लिहिलेली असते. ते कागद आधी काढून बघा.

काकांनी एक वेगळीच गोष्ट विचारली: "होडीत वजन किती असतं?" पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, इंचात. पहिला रुंदीचा, दुसरा पिचचा. जाळी, बर्फ, माणसं असं वजन असेल तर कमी पिचचा पंखा बरा. मोठ्या पिचचा लावला तर इंजिन कण्हतं, आणि आपण म्हणतो मशीन दमलं.

त्या ताईंचं तेच झालं होतं. भंगारातल्या इंजिनाचं तेल पांढरं निघालं, म्हणून भाव उतरला. शेवटी इंजिन न घेता त्याचा पंखा आणि कार्बोरेटर तेवढा घेतला, तोही सुटा ठेवायला. इम्पेलर आणि सील नवीन. गटाने मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी कर्ज मंजूर केलं आणि ठरावात लिहिलं, की पहिली फेरी किनाऱ्याजवळच, लाइफ जॅकेट घालून.