गहू बंद करण्याआधी

नाशिक

चि. सौ. अनघास,


तुझं पत्र आणि ईराचे रिपोर्ट पोचले. कागद तारखेवार लावून पाठवलेस हे फार बरं केलंस. थायरॉइडचा हाशिमोटो, गोळीचा डोस वाढवूनही टीएसएच वरच, लोह चालू असून हिमोग्लोबिन साडेनऊच्या पुढे सरकत नाही, सारखं फुगलेलं पोट, पंधरावं सरत आलं तरी पाळीचा पत्ता नाही. एवढं सगळं एका मुलीच्या बाबतीत एकत्र दिसत असताना प्रत्येक तक्रारीसाठी वेगळा डॉक्टर आणि वेगळी गोळी चालू राहिली, याचं मला वाईट वाटलं. आतडं बघायला हवं असं तुला वाटतं ते बरोबर आहे.

पण शेवटी लिहिलंयस, की सोमवारपासून घरात गहू बंद. ते एवढ्यात करू नकोस. मुलांच्या ओपीडीत आहारतज्ज्ञ म्हणून मी उभी हयात काढली, म्हणून हक्काने सांगते.

हाशिमोटो असलेल्या मुलांत सिलियाक आजार इतर मुलांपेक्षा जास्त आढळतो. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारी आतल्या अस्तरावरची बारीक लव झडते, मग लोह, कॅल्शियम, कधी थायरॉइडची गोळीसुद्धा नीट अंगी लागत नाही. यासाठी रक्ताची टीटीजी-आयजीए ही तपासणी असते. ती ज्या प्रतिपिंडांचा शोध घेते, ती गहू पोटात जात असेल तरच तयार होतात. गहू थांबवला की आकडा उतरत जातो, अस्तरही भरून येऊ लागतं, आणि आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. मग पुन्हा गहू चारून तपासावं लागतं. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी दिवसातून एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लूटेन, तेही निदान सहा आठवडे, असं सांगितलंय. बरं वाटू लागलेल्या मुलीला सहा आठवडे मुद्दाम आजारी पाडायचं, याहून आधी तपासलेलं काय वाईट?

टीटीजीबरोबर एकूण आयजीएही मोजायला सांग. सिलियाकच्या रुग्णांपैकी दोन-तीन टक्क्यांत मुळात आयजीए प्रकारची प्रतिपिंडंच कमी असतात, आणि मग टीटीजी फसवतं. आकडा वाढलेला निघाला तर पोटाच्या डॉक्टरांकडे जा, शक्यतो मुलांच्या. ते दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे घेऊन बघतील. प्रतिपिंडं खूपच जास्त असली तर काही मुलांत ते टाळताही येतं, पण ते त्यांनी ठरवायचं. लॅबवाल्यांचं ‘जनुकीय पॅकेज’ मात्र नको. सिलियाकशी जोडलेली जनुकं सुमारे तीस-चाळीस टक्के लोकांत असतात, आजार शंभरात एखाद्यालाच होतो. तशीच ती शंभर पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ तपासणी. त्यातली आयजीजी प्रतिपिंडं तुम्ही काय खाता एवढंच दाखवतात. ती यादी हातात घेऊन दूध, शेंगदाणे, तूर सगळं बंद केलेली हडकुळी मुलं मी बघितली आहेत, आणि त्या दुकानदारीचा मला अजून राग येतो.

तू ‘लीकी गट’बद्दल विचारलंस. आतड्याच्या अस्तराची गळती ही निव्वळ थाप नाही. अलेस्सियो फासानो यांच्या गटाने 2000 साली झोन्युलिन या प्रथिनावर काम मांडलं, आणि सिलियाकमध्ये अस्तर सैल होतं हे मान्य आहे. पण तिथून ‘आतडं दुरुस्त करा, थायरॉइड आपोआप बरा होईल’ ही उडी पुराव्याची नाही, पावडरी विकणाऱ्यांची आहे. सिलियाक नसेल तर गहू सोडून हाशिमोटो जातो, असंही कोणी ठामपणे दाखवलेलं नाही.

डिके यांची गोष्ट तुला सांगायलाच हवी. विलेम डिके हे नेदरलँडमधले मुलांचे डॉक्टर. 1930 च्या दशकात एका आईने त्यांना सांगितलं म्हणे, की पाव बंद केला की माझ्या मुलाच्या अंगावरचं पुरळ जातं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. वर्षानुवर्षं गहू देऊन आणि काढून सिलियाकच्या मुलांची वजनं घेतली, नोंदी ठेवल्या. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे पाव मिळेनासा झाला, लोक उपाशी होते, आणि ही मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. 1950 मध्ये त्यांचा प्रबंध आला. आईला आधी दिसलं हे खरं, पण ते पक्कं झालं मोजमापानंतर. तूही जे दिसतंय ते तारखेसकट लिहून ने, आणि मोजायचं काम डॉक्टरांवर टाक.

एक गोष्ट तुझ्याच पत्रात दिसली. सकाळी थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी दोन्ही दुधाबरोबर देतेस. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर निदान अर्धा तास काही नाही. ती गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. टीएसएच न उतरण्याचं हेही एक कारण असू शकतं. एवढ्यानेच उतरलं तर उत्तमच. पण हिमोग्लोबिन आणि पाळी यांचं उत्तर त्यात नाही, म्हणून तपासणी टाळू नकोस.

टीटीजी आणि आयजीए दोन्ही नीट असतील, आणि वजन घटणं, शौचात रक्त, रात्री उठून जावं लागणं असं काही असेल, तर शोध वेगळ्या दिशेने न्यावा लागतो. क्रोन्स हा आतड्याचा दाह आणि आतड्याचा क्षयरोग आपल्याकडे एकमेकांसारखे दिसतात आणि उपचार उलटे असतात. तेव्हा क्रोन्स समजून कोणी घाईने स्टेरॉइड लिहून दिलं तर ‘क्षय नाही ना, याची खात्री केलीत का?’ एवढं नक्की विचार.

सिलियाक निघालाच, तर आपल्या घरात तो इतका अवघड नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा सगळं चालतं; उपासाचे बरेचसे पदार्थ बिनधास्त. त्रास देतात त्या दडलेल्या जागा: डबीतलं हिंग, त्यात अनेकदा गव्हाचं पीठ असतं; थालीपिठाची भाजणी; सॉय सॉस; दुधात घालायची माल्टची पावडर; सत्यनारायणाचा शिरा. आणि सगळ्यात मोठी जागा गिरणी. आधी गहू दळलेला असतो, मागून तुझी ज्वारी येते. घरघंटी घे, आणि तिच्यात गहू कधी घालू नकोस. पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ बघून घे. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोला वीस मिलिग्रॅम आहे. सुरुवातीला दूध पचलं नाही तर घाबरू नकोस, अस्तर भरलं की बहुधा पचू लागतं. प्रतिपिंडं उतरायला मात्र महिने, कधी वर्षाच्या वर जातं.

आता ईराविषयी. तिच्यासमोर जावेला फोनवर तिच्या पोटाचं वर्णन सांगणं आधी थांबव. पंधरा वर्षांच्या मुलीला ते किती लाजिरवाणं होत असेल! डॉक्टरांकडे तू प्रश्न विचारून झाले की बाहेर जाऊन बस, तिला एकटीला बोलू दे. डब्यात काय न्यायचं आणि मैत्रिणींना काय सांगायचं हे तिने ठरवलं तरच टिकेल. अशा मुलांना चोरून खाल्लेल्या वडापावानंतर कधी काहीच होत नाही, आणि मग आईचा शब्द खोटा ठरतो. म्हणून ‘दुखेल’ अशी भीती घालू नकोस. हाडं, पाळी, उंची यांचं गणित तिला डॉक्टरांकडून ऐकू दे. ती हुशार आहे, समजेल.

सख्ख्या नात्यात हा आजार दहातल्या एखाद्याला असू शकतो, म्हणून ईराचा रिपोर्ट सकारात्मक आला तर तिच्या भावाचं, ओमचं, आणि तुम्हा दोघांचंही रक्त तपासून घ्या. सोमवारी गहू बंद करण्याऐवजी लॅबमध्ये जा. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. तोवर पोळी रोजच्यासारखी चालू दे.

तुझी,
शैलामावशी