मेंढी रिती का राहिली?

मार्गशीर्ष महिना होता. आबांचा मेंढरांचा वाडा गावाजवळच्या रानात बसला होता. वाड्यात दख्खनी जातीच्या ६० मेंढ्या होत्या. त्यांतल्या ३० व्याल्या. ३० रित्याच राहिल्या.

आबांना घोर लागला. ते म्हणाले, "ह्या ३० वांझ निघाल्या. खाटकाला देऊन टाकतो. सावकाराचं व्याज तरी फिटेल."

आबांची कारभारीण म्हणाली, "अहो, ह्यातल्या कितीतरी गेल्या साली व्याल्या होत्या की! एका सालात वांझ कशा होतील? आधी डॉक्टरांना दाखवा."

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी विचारले, "आबा, आषाढात मेंढ्या कशा होत्या?"

"हाडं वर आली होती. उन्हाळाभर चारा नव्हता."

"मेंढे किती?"

"एकच. वैशाखात उन्हानं तापून आजारी पडला होता."

डॉक्टर म्हणाले, "मग दोष मेंढीचा नव्हे. नीट ऐका."

मेंढी दर १७ दिवसांच्या सुमारास माजावर येते. माज एक-दीड दिवस टिकतो. हे घड्याळ कोण चालवते? मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक गाठ असते. ती रक्तात रस सोडते. त्या रसाला हार्मोन म्हणतात. तो रस अंडाशयाला निरोप देतो, तेव्हा बीज पिकते. मेंढी उपाशी असली, की मेंदू हा निरोप कमी पाठवतो. माज येत नाही, किंवा एकच बीज पिकते. पोटाला मिळाले तर निरोप जोरात जातो.

विलायतेत हे घड्याळ दिवसरात्रीवर चालते. लंडनकडे उन्हाळ्यात दिवस साडेसोळा तासांचा, तर हिवाळ्यात आठ तासांहून लहान. रात्री वाढू लागल्या की तिकडच्या मेंढ्या माजावर येतात. आपल्याकडे लहानमोठ्या दिवसांत सव्वादोन तासांचाच फरक पडतो. म्हणून आपली मेंढी बाराही महिने माजावर येऊ शकते. तिचा खरा हंगाम चाराच ठरवतो.

आता मेंढ्याचे पाहू. त्याचे वृषण अंगाबाहेर लोंबतात, कारण बीजाला गारवा लागतो. कडक ऊन लागले किंवा ताप आला, की बीज बिघडते. नवे बीज तयार व्हायला सुमारे ७ आठवडे लागतात. म्हणून वैशाखात तापलेला मेंढा आषाढातही कामाचा नसतो.

आबांनी डॉक्टरांचे ऐकले. दात पडलेल्या ५ म्हाताऱ्या मेंढ्या तेवढ्या विकल्या. त्या पैशांत एक नवा मेंढा आणि मका घेतला. सावकाराकडून मुदत मागून घेतली.

उन्हाळ्यात दोन्ही मेंढे दुपारी झाडाच्या सावलीत बांधले. मेंढ्यांपासून महिनाभर लांब ठेवले. मेंढा लांब राहून एकदम कळपात आला, की त्याच्या वासानेच कित्येक मेंढ्या माजाला लागतात.

मेंढे सोडण्याआधी ३ आठवडे मेंढ्यांना मक्याचा भरडा सुरू केला. प्रत्येकीला रोज २०० ग्रॅम. ५५ मेंढ्यांना रोज ११ किलो, २१ दिवसांत २३१ किलो. पहिले काही दिवस थोडाथोडाच दिला. एकदम जास्त धान्य दिले तर पोट बिघडते, मेंढी दगावतेही.

आषाढात मेंढे सोडले. मेंढी ५ महिने गाभण असते. मार्गशीर्षात वाड्यात कोकरांची झुंबड उडाली. चारच मेंढ्या रित्या राहिल्या. सावकाराचे व्याज फिटले.

आबा कारभारणीला म्हणाले, "तुझं ऐकलं नसतं, तर दुभत्या-व्यात्या मेंढ्या सुरीखाली गेल्या असत्या!"

गड्यांनो, मेंढी रिती राहिली तर तिला लगेच वांझ म्हणू नका. आधी तिच्या पाठीच्या कण्यावर हात फिरवा. हाड टोचले, तर ती उपाशी आहे.

सांगा पाहू :
१. मेंढी किती दिवसांनी माजावर येते?
२. मेंढ्याला उन्हाळ्यात सावलीत का बांधावे?
३. तुमच्या ४० मेंढ्या आहेत. २१ दिवसांना किती भरडा लागेल?