नखाला कळणारी रेघ

गोंदिया म्हटलं की धान, भरडाई आणि राइस मिल. इथल्या वर्कशॉपांचं पोटही बरंचसं त्याच मिलांवर चालतं. शाफ्ट, पुली, बेअरिंग हाउसिंग, कधी एखादा मोल्ड. लेथवर हयात गेलेल्या मिस्त्री लोकांमध्ये व्हीएमसीचा प्रोग्राम करणारा माणूस जरा मिरवतोच, आणि मीही मिरवायचो. फिनिशिंगच्या टूलपाथांनी ती मिजास हळूहळू उतरवली. उतरताना जे हाती लागलं, ते इथे मांडतोय.

१. फिनिश शेवटच्या कटात येत नाही, ती त्याच्या बरीच आधी ठरते. रफिंगचा मोठा कटर कोपऱ्यात पोचत नाही, म्हणून तिथे माल जास्त उरतो. मग फिनिशचा कटर सपाटीवर ०.२ मिलिमीटर खात ऐटीत येतो आणि कोपऱ्यात अचानक मिलिमीटरभर माल समोर उभा. कटर वाकतो, किंचाळतो आणि रेघ सोडून जातो. आपण मात्र फीड कमी कर, आरपीएम बदल, असले खेळ करत बसतो. सेमी-फिनिशमध्ये सगळीकडे सारखा माल ठेवला की यातलं निम्मं दुखणं जातं. दुसरं म्हणजे, पाचच्या रेडियसच्या कोपऱ्यात दहाचा कटर घालू नये. मापात बरोबर बसतो म्हणूनच तो वाईट. कोपऱ्यात शिरताच एकदम मोठ्या घेराने मालाला भिडतो. आठचा घ्यावा, सहाचा घ्यावा, आणि वळण प्रोग्रामनं घ्यावं.

२. गणित खरं बोलतं, पण पूर्ण बोलत नाही. बॉलनोजच्या दोन पासांमध्ये उरणाऱ्या कडेची उंची म्हणजे स्टेपओव्हरचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. दहाच्या बॉलनोजला अर्ध्या मिलिमीटरचा स्टेपओव्हर दिला तर सुमारे सव्वासहा मायक्रॉन. स्टेपओव्हर निम्मा केला तर वेळ दुप्पट, पण उंची चौथाईवर, म्हणजे दीड मायक्रॉनच्या आसपास. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला वाटलं, झालं, आता फक्त वेळ ओतायचा. पण कटरच जर दोन शतांश मिलिमीटर आऊट फिरत असेल, तर दोन दातांपैकी एकच कापतो आणि दुसरा नुसती सोबत करतो. प्रति दात फीड आपोआप दुप्पट होतो आणि स्टेपओव्हर कितीही बारीक केला तरी फीडच्या दिशेने खाचा दिसतातच. कटर असा आऊट फिरण्याचं कारण बहुतेक वेळा कोलेटच्या खाचेत अडकलेला बुरादा असतो. सॉफ्टवेअरवर लाखभर खर्च करणारे आम्ही, कोलेट पुसायला शर्टाची बाही वापरतो. कटर होल्डरबाहेर किती काढला, हेही तसंच. चाळीसऐवजी साठ मिलिमीटर बाहेर काढला की तेवढ्याच जोराला तो तिपटीहून जास्त वाकतो, कारण वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं.

३. बॉलनोजचं टोक कापत नाही, घासतं. दहाचा बॉलनोज ०.१ मिलिमीटर खोल चालवला तर मालाला लागणारा त्याचा व्यास जेमतेम दोन मिलिमीटर. आठ हजार आरपीएमला कटिंग स्पीड मिनिटाला अडीचशे मीटर आहे असं आपण धरून चालतो, प्रत्यक्षात ती पन्नासच्या आसपास असते आणि अगदी टोकाला शून्य. म्हणून सपाट जागा मळकट, ओरबाडल्यासारखी दिसते आणि उतार चकचकीत. पाच अ‍ॅक्सिसवाले कटर तिरपा करतात. आमच्या तीन अ‍ॅक्सिसवर सपाटी बुलनोजला द्यायची आणि बॉलनोज उतारांपुरता ठेवायचा, एवढं हातात आहे.

४. प्रोग्राममधला फीड आणि मशीनचा फीड या दोन वेगळ्या गोष्टी. कॅममध्ये टॉलरन्स सैल ठेवला तर गोलाईवर पैलू पडतात. फार आवळला तर इतके बारीक तुकडे निघतात की कंट्रोलर अडखळतो, दर थोड्या अंतराने दम घेतो, आणि जिथे दम घेतो तिथे डाग. फानुकवर जी ०५.१ क्यू १ असेल तर फिनिशला तो चालू करावा. नसेल तर स्क्रीनवर प्रत्यक्ष फीडचा आकडा बघत उभं राहावं. प्रोग्राममध्ये तीन हजार लिहून आपण खूश असतो, आकडा मात्र हजाराच्या आतबाहेर नाचत असतो.

५. रेघा राहणारच असतील तर त्या कोणत्या दिशेला राहतील, हे आधी ठरवावं. हे मला राइस मिलमध्ये धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या प्लॅस्टिक बकेटच्या मोल्डनं शिकवलं. बकेटच्या भिंती उभ्या, थोडासाच उतार. अशा भिंतींना कॅम वॉटरलाइन सुचवतो, म्हणजे एकेक थर उतरत आडवे फेरे. दिसायला सुरेख. पण प्लॅस्टिक थंड होताना आकसून कोअरला आवळतं आणि बकेट निघते उभ्या दिशेने. म्हणजे प्रत्येक आडवी कड तिला अडवणार. फिनिशचा आकडा उत्तम आणि बकेट चिकटलेली, असा प्रकार. तेव्हापासून थर बारीक ठेवायचे आणि नंतर ऑइलस्टोन फक्त बकेट निघण्याच्या दिशेने मारायचा, आडवा एकही हात नाही.

याच मोल्डमध्ये बकेटच्या बाहेरच्या बाजूलाही मी आरशासारखी फिनिश आणायच्या बेतात होतो. मिलमधले मिस्त्री बघायला आले, बोट फिरवलं आणि म्हणाले, "भाऊ, आरसा कशाले पायजे? आत धानच जाते ना." खरंच होतं. धानाच्या तुसात सिलिका भरपूर. ती बकेटला रोज आतून घासणार, आणि बाहेरची बाजू केसिंगच्या आड कोणी बघणार नाही. तांदळाचंही तसंच आहे, पॉलिश जास्त मारली की चमक वाढते, वजन घटतं आणि कणी पडते. त्या दिवशी मशीनचे बरेच तास वाचले. मिस्त्रींनी त्याचा हिशेब मागितला नाही.

६. मशीनलाही थंडी वाजते. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचा पारा विदर्भात बरेचदा सर्वांत खाली असतो. गार स्पिंडल सुरू करून थेट फिनिश घेतली की तो तापत तापत काही शतांश मिलिमीटर लांबतो आणि सकाळचा पास दुपारच्या पासाला जुळत नाही. आधी पंधरा-वीस मिनिटं रिकामा फिरवावा. चहा तेवढ्यात होतो.

७. आरए, म्हणजे फिनिशच्या खडबडीतपणाचं माप, हा सरासरीचा आकडा आहे, आणि सरासरीत एखादी खोल रेघ सहज लपते. त्यात टेस्टर रेघांना समांतर फिरवला तर आकडा आणखीच गोड येतो. तो आडवा फिरवायचा असतो. ग्राहक मात्र नख फिरवतो, आणि नखाला ती एकटी रेघ बरोबर लागते. बहुतेकदा ती कटर मालात उतरला किंवा बाहेर निघाला तिथली असते. शिरणं-निघणं गोलाईतून ठेवावं आणि शेवटाला दोन मिलिमीटरचा ओव्हरलॅप द्यावा. एमरी पेपरनं ती पुसता येते, पण मग तिथे खड्डा होतो आणि उजेडात तो रेघेपेक्षा जास्त दिसतो.

तुमच्या मशीनची खोड वेगळी असेल, माल वेगळा असेल. पण पुढच्या वेळी फिनिश बिघडली तर एवढं करा, कॅम उघडण्याआधी कोलेट काढून पुसा आणि कटरला डायल लावून बघा.