खिशातला छोटा चाकू : जपानच्या 'हिगोनोकामी'चा धडा



मुलाच्या हातात चाकू दिसला की आपण लगेच म्हणतो, "ठेव तो आधी!" काळजीपोटीच म्हणतो. पण जपानमध्ये एके काळी शाळकरी मुलांच्या खिशात किंवा कंपासपेटीत घडीचा चाकू असायचा आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे. त्या चाकूचं नाव हिगोनोकामी. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

चाकू कसा असतो?

ह्योगो प्रांतातलं मिकी हे गाव सुतारकामाच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा चाकू बनू लागला. हिगो म्हणजे आजचा कुमामोतो प्रांत. 'हिगोनोकामी' म्हणजे हिगोचा अधिपती. एवढ्याशा चाकूला नाव मात्र एकदम सरदारी!

रचना अगदी साधी आहे. पितळेचा किंवा लोखंडाचा पत्रा दुमडून मूठ केलेली, तिच्यात एक पातं आणि एक खिळा. स्प्रिंग नाही, खटका नाही. पात्याच्या मागच्या टोकाला एक छोटी शेपटी असते, तिला 'चिकिरी' म्हणतात. चाकू उघडला की ही शेपटी मुठीवर टेकते आणि काम करताना तिच्यावर अंगठा दाबून ठेवायचा असतो. अंगठा ढिला पडला तर पातं बोटांवर मिटू शकतं.

मग यात आवडण्यासारखं काय?

माझ्या मते याचं उत्तर त्या अंगठ्यातच आहे. हा चाकू वापरणाऱ्याकडून लक्ष मागतो. शार्पनरमध्ये पेन्सिल फिरवताना आपण गप्पा मारू शकतो, इथे ते जमत नाही. लाकूड किती मऊ आहे, पातं किती खोल गेलं, शिसं कधी मोडेल, हे सगळं बोटांना कळावं लागतं.

दुसरं म्हणजे तो जपावा लागतो. धार गेली की दगडावर घासायचा, ओला झाला की पुसायचा. वापरून वापरून पितळ काळवंडतं आणि त्यावर मालकाच्या हाताची खूण उमटते. फेकून द्यायच्या वस्तूंच्या काळात मुलांना अशी वस्तू कुठे मिळते?

तिसरं, त्याने खेळणी बनतात. आपल्या मुलांना डोरेमॉनचा बांबू-कॉप्टर माहीत आहेच. त्याचं मूळ म्हणजे 'ताकेतोंबो', बांबूची उडती भिंगरी. दोन तळहातांत काडी फिरवून सोडली की ती वर जाते. ही भिंगरी जपानी मुलं अशाच चाकूने स्वतः तासायची.

तो दिसेनासा का झाला?

ऑक्टोबर १९६० मध्ये इनेजिरो आसानुमा या समाजवादी नेत्याचा भर सभेत खून झाला. मारेकरी १७ वर्षांचा होता आणि हत्यार होतं आखूड तलवार. त्यानंतर मुलांच्या हाती धारदार वस्तू नकोत, ही मोहीम देशभर जोरात चालली. तलवारीचा राग कंपासपेटीतल्या चाकूवरही निघाला. त्यातच पेन्सिलीची यंत्रं आली. एके काळी मिकीत हा चाकू बनवणारे बरेच कारागीर होते, आज हे नाव अधिकृतपणे लावणारा एकच कारखाना उरला आहे.

तरी नागानो प्रांतातल्या इकेदा गावच्या एका प्राथमिक शाळेत पहिलीच्या मुलांना अजूनही हिगोनोकामी देतात. मुलं त्यानेच पेन्सिलीला टोक करतात. आधी मोठी माणसं शिकवतात, मग मुलं करतात.

आपण काय घ्यावं?

चाकू शाळेत आणू द्या, असं मी अजिबात म्हणत नाही. शाळेचे नियम आणि कायदा पाळायलाच हवा. जपानमध्येही योग्य कारणाशिवाय ६ सेंटीमीटरपेक्षा लांब पातं जवळ बाळगता येत नाही. पण घरी, आपल्या समोर, एवढं नक्की करता येईल :

१. बसून काम करायचं. चालताना चाकू उघडायचा नाही.
२. धार नेहमी अंगापासून दूर.
३. पेन्सिल तासताना चाकूचा हात स्थिर ठेवायचा. पेन्सिल धरलेल्या हाताच्या अंगठ्याने पात्याची बोथट पाठ हळूच पुढे ढकलायची.
४. दुसऱ्याला देताना चाकू मिटूनच द्यायचा.
५. काम झालं की पुसून मोठ्यांकडे परत.

सुरुवात पेन्सिलीने करा, नंतर बांबूची भिंगरी. पहिली उडणार नाही बहुतेक! दोन्ही पात्यांचं वजन सारखं का हवं, त्यांना तिरकस उतार का हवा, हे मूल स्वतःच विचारेल. विज्ञानाचा तास तिथेच सुरू होतो.

धोका पूर्ण काढून टाकला की सावध राहण्याचा सरावही जातो. आज ना उद्या मुलांना विळी, सुरी, करवत हातात घ्यावीच लागणार आहे. ती पहिल्यांदा हातात घेताना आपण शेजारी बसलेले असलो, तर किती बरं!

मुलांशी चर्चेसाठी : एका गुन्ह्यामुळे सगळ्याच मुलांचे चाकू जावेत, हे योग्य होतं का? दोन्ही बाजूंनी बोलू द्या.