अवयवदान : विश्वासाच्या पायावर उभे असलेले कार्य

फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपणाची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातील पहिली अशी शस्त्रक्रिया केली, त्यास तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. डॉ. सेन यांचा रुग्ण काही तासांहून अधिक काळ जगू शकला नाही. शल्यक्रियेचे कौशल्य आपल्याकडे होते. परंतु मेंदूचे कार्य कायमचे थांबले आणि हृदय मात्र चालू आहे, अशा व्यक्तीस मृत म्हणावे काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यात नव्हते.

ते उत्तर मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले. मधल्या काळात मूत्रपिंडांचा बाजार बोकाळला आणि गरजू माणसे पैशासाठी शरीराचा भाग विकू लागली. हा व्यापार रोखावा आणि मेंदूमृत्यूस कायदेशीर मान्यता द्यावी, या दुहेरी हेतूने मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम जुलै १९९४ मध्ये संमत झाला. पुढच्याच महिन्यात, ३ ऑगस्ट रोजी, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. ४ फेब्रुवारी १९९५ पासून हा कायदा महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला.

कायदा झाला, तंत्रही अवगत झाले. तरीही दाते अपुरेच आहेत. सन २०२३ मध्ये देशात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणे झाली. त्या वर्षी मृत्यूनंतर अवयवदान करणाऱ्यांची संख्या मात्र १,०९९ होती. म्हणजे बहुसंख्य अवयव जिवंत नातेवाइकांनीच दिले. या जिवंत दात्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून पुष्कळ अधिक आहे, तर अवयव मिळणाऱ्यांत पुरुष अधिक आहेत. माता, पत्नी, भगिनी यांचा त्याग वंदनीय खराच; पण घरातील स्त्रीनेच दिले पाहिजे, अशी समजूत रूढ होणे न्याय्य नव्हे. मृत्यूनंतरचे दान वाढले, तर हा भार हलका होईल.

मृत्यूचे निदान आधी, विनंती नंतर

समजा, दुचाकीच्या अपघातात एका तरुणाच्या डोक्यास गंभीर इजा झाली आहे. श्वसनयंत्रामुळे त्याची छाती वर-खाली होत आहे, नाडी लागते आहे, अंग उबदार आहे. अशा वेळी ‘तो गेला’ हे आईवडिलांना पटावे कसे? अवयवदानातील सर्वांत नाजूक क्षण हाच होय.

येथे बेशुद्धावस्था आणि मेंदूमृत्यू यांतील भेद ध्यानी घेणे अवश्य आहे. बेशुद्ध रुग्णाचा मेंदू जिवंत असतो. तो बरा होण्याची आशा असते. मेंदूमृत्यूत श्वासाचे नियंत्रण करणारा मेंदूचा खोडासारखा भाग कायमचा निकामी झालेला असतो. यंत्र काढताच श्वास थांबतो आणि यंत्र ठेवले तरी काही काळाने हृदयही थांबते.

या निदानात चूक किंवा लबाडी होऊ नये म्हणून कायद्याने कडक व्यवस्था केली आहे. रुग्णालयाचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी, एक स्वतंत्र तज्ज्ञ, एक मेंदूविकारतज्ज्ञ अथवा मेंदूशल्यविशारद आणि उपचार करणारे डॉक्टर अशा चौघांनी हे निदान करावयाचे असते. सर्व चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणीही या चौघांत असू शकत नाही. हे प्रमाणपत्र झाल्यानंतरच नातेवाइकांची संमती घेता येते. नकार देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे अनुचित होय.

एकच यादी, एकच नियम

मिळालेला अवयव श्रीमंतास जाईल की काय, ही शंका ग्रामीण भागात वारंवार ऐकू येते. तिचे निरसन व्हावयास हवे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत. राज्य व प्रादेशिक पातळीवरील समन्वयाचे काम के. ई. एम. रुग्णालयातूनच चालते. अवयवाची वाट पाहणाऱ्यांची नोंद समितीकडे असते आणि रक्तगट, प्रतीक्षेचा काळ, आजाराचे गांभीर्य अशा ठरावीक निकषांवरून क्रम लागतो. दात्याच्या कुटुंबाने अमुक एका व्यक्तीस अवयव द्यावा, असे सांगता येत नाही.

अवयवांची खरेदी-विक्री हा गंभीर गुन्हा आहे. सन २०११ च्या दुरुस्तीने त्यासाठी पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी तरतूद केली. ‘मूत्रपिंडास इतके रुपये मिळतील’ असे सांगणारा मनुष्य गावात आला, तर पोलिसांना कळविणे हे प्रत्येक पंचायत सदस्याचे कर्तव्य ठरते.

खर्चाचा भार कोणावर?

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस करावे लागते. दर खेपेस सुमारे चार तास यंत्राशी बांधून राहावयाचे, जाण्या-येण्यात दिवस मोडावयाचा आणि सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडवावयाची, असा हा प्रपंच आयुष्यभर चालतो. प्रत्यारोपणाने त्यातून सुटका होते. मात्र शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून औषधे कायम घ्यावी लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ च्या निर्णयानुसार अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्यात आली. नंतरच्या औषधांचा खर्चही आरंभीच विचारात घेणे हिताचे असते.

दात्याच्या कुटुंबावर मात्र कोणताही भार पडता कामा नये. दात्याचे शरीर अवयवप्राप्तीपर्यंत सांभाळणे, अवयव काढणे, जतन करणे व पोहोचविणे यांचा खर्च त्या कुटुंबाकडून घेऊ नये, असे २०१४ च्या नियमांत स्पष्ट आहे.

अवयवप्राप्ती जिल्ह्याच्या ठिकाणी

काढलेले हृदय साधारणपणे चार ते सहा तासांच्या आत दुसऱ्या शरीरात धडधडू लागावे लागते. यकृतास सुमारे बारा तास आणि मूत्रपिंडास चोवीस तास वा थोडे अधिक मिळतात. मेंदूमृत रुग्णास दूरच्या शहरी हलविताना हृदय थांबण्याचा धोका असतो. यास्तव २०११ च्या दुरुस्तीने, प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयांनाही केवळ अवयवप्राप्तीसाठी नोंदणी करण्याची मुभा दिली. जिल्ह्याच्या रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ नसल्यास भूलतज्ज्ञ अथवा अतिदक्षतातज्ज्ञ निदानात भाग घेऊ शकतात. प्रवास शल्यविशारदांनी करावा, दात्याने नव्हे, हे तत्त्व त्यामागे आहे. कुटुंबाचीही परमुलखात होणारी फरफट त्यामुळे टळते.

अपघाती मृत्यूत तपास अधिकाऱ्याची अनुमती व शवविच्छेदन आवश्यक असते. येथे लागणारा प्रत्येक तास मोलाचा असतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने योग्य सुविधा असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनास परवानगी दिली आणि अवयवदानाच्या प्रकरणांस अग्रक्रम दिला. पोलीस व महसूल अधिकाऱ्यांनी ही तरतूद आधीच जाणून घेतलेली बरी.

गावाने काय करावे?

अवयवदानाची प्रतिज्ञा नमुना सात भरून करता येते आणि सप्टेंबर २०२३ पासून आधार क्रमांकाच्या साह्याने संगणकावरही नोंदविता येते. राष्ट्रीय संस्थेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-११-४७७० हा आहे. परंतु कार्ड खिशात असले, तरी प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकांची संमती घेतलीच जाते. म्हणून आपली इच्छा घरात बोलून ठेवणे हे कार्डाहून महत्त्वाचे आहे. दुःखाच्या घटकेस कुटुंबाला निर्णय नव्याने घ्यावा लागत नाही; मृताचा शब्द पाळावयाचा, एवढेच उरते.

मेंदूमृत्यू रुग्णालयातच घडतो. नेत्रदान मात्र घरी झालेल्या मृत्यूनंतरही शक्य असते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीस कळवावे. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीवर किंचित उंच ठेवावे. या क्रियेस वीसेक मिनिटे पुरतात आणि चेहरा विद्रूप होत नाही. ज्या गावी नेत्रदानाचा परिपाठ पडतो, त्या गावास अवयवदानाची विनंती परकी वाटत नाही.

शिक्षकांनी बेशुद्धावस्था व मेंदूमृत्यू यांतील भेद वर्गात समजावून द्यावा. पंचायतीने ग्रामसभेत डॉक्टरांस पाचारण करावे, शंका मोकळेपणाने विचारू द्याव्यात आणि दात्याच्या कुटुंबाचा जाहीर सन्मान करावा. अधिकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातील कोणत्या रुग्णालयास अवयवप्राप्तीची नोंदणी आहे, याची खातरजमा करावी.

एका मृत व्यक्तीचे अवयव आठ जणांपर्यंत जीवनदान देऊ शकतात. ते दान सक्तीने होत नाही, पैशाने तर नाहीच नाही. डॉक्टर खरे सांगतात, यादी निष्पक्ष आहे आणि आपल्या माणसाची विटंबना होणार नाही, असा भरवसा असलेले कुटुंबच होकार देते. तो भरवसा निर्माण करणे हेच या कार्यातील पहिले आणि सर्वांत कमी खर्चाचे पाऊल होय.