जुना डेस्कटॉप ठेवावा की बदलावा?

माझं काम अक्षरजुळणीचं आणि पानं लावण्याचं. वर्षभर पुस्तकं आणि स्मरणिका, पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंक. बरीच वर्षं हे काम एकाच डेस्कटॉपवर झालं: चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, चार जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, नंतर चढवलेलं विंडोज १०. तो बदलायचा की डागडुजी करून चालवायचा, हे ठरवताना जे पक्कं झालं ते लिहितो.

१. मशीन नेमकं कुठे अडतंय ते आधी पाहा. 'स्लो झालंय' एवढं सांगून दुकानात गेलात तर नवंच मशीन गळ्यात पडणार. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नेहमीचं काम करत राहा. माझ्याकडे अंकाची मोठी फाइल उघडताना प्रोसेसर निवांत असायचा, डिस्क मात्र १०० टक्क्यांना टेकलेली. फिरत्या डिस्कला विखुरलेल्या छोट्या छोट्या फायली वाचायला दर वेळी जागा शोधावी लागते. फॉन्ट, चित्रं, पानं असं सगळं एकदम मागितलं की तिचा जीव जातो. उशीर तिथे होता.

२. म्हणून पहिला खर्च एसएसडीचा, दुसरा रॅमचा. या दोन गोष्टींनी माझ्या मशीनला आणखी काही वर्षं मिळाली, आणि तो खर्च मी आजही योग्यच मानतो. फक्त रॅम आणताना बोर्डवर कुठली चालते ते बघून जा. जुन्या बोर्डांना डीडीआर-३ लागते. डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती त्यात बसतच नाही.

३. प्रोसेसर बदलण्याच्या फंदात पडू नका. नवा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड, नवा बोर्ड म्हणजे नवी रॅम. एवढं झाल्यावर जुनं म्हणायला कॅबिनेटच उरतं.

४. महिन्याभराचं काम ज्यावर आहे, त्या मशीनचं झाकण अधूनमधून उघडा. पंख्यातली धूळ काढा. बोर्डवरच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तर त्या बोर्डवर आता एक रुपयाही घालू नका. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये दिसते. तिथे पिवळा रंग दिसला की त्याच दिवशी सगळी कॉपी दुसरीकडे काढा. वेग कमी असणं सोसता येतं. लेखकाचं हस्तलिखित हरवणं सोसता येत नाही.

५. माझा निर्णय शेवटी वेगामुळे झाला नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, लक्ष्मीपूजनाच्या बरोबर एक आठवडा आधी. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. माझा चौथ्या पिढीचा त्यात बसत नव्हता. आडवाटेने ते चढवता येतं, अनेकांनी चढवलंय. पण दुसऱ्यांची अप्रकाशित पुस्तकं ज्या मशीनवर आहेत, तिथे मी तो मार्ग धरणार नाही. सुरक्षेचे अपडेट बंद झालेलं मशीन रोज इंटरनेटला जोडून ठेवणंही मला पटत नाही.

६. मराठी काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा, आणि दुकानात तो कोणी काढत नाही. नव्या मशीनवर तुमच्या जुन्या फायली उघडतील का? आमच्या धंद्यातलं कितीतरी काम पेजमेकरमध्ये पडून आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ ची. इनडिझाइन सीएस-६ पर्यंत त्या फायली उघडत असे, पुढच्या आवृत्त्या उघडत नाहीत. काही जुन्या पॅकेजांना डोंगल लागतो, आणि तो प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर बसणारा असेल तर नव्या बोर्डवर ते पोर्टच सापडत नाही.

त्यात फॉन्ट. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की पानभर रोमन अक्षरांचा गिचमिडकाला दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत आणि ते चांगले आहेत, पण प्रूफ पुन्हा वाचावंच लागतं. पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. जोडाक्षर आलं की ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. 'दऱ्या', 'कुऱ्हाड' यांतला र तर हमखास रफार होऊन डोक्यावर चढतो. तीनशे पानांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार असेल, तर या तपासणीचे तास नव्या मशीनच्या किमतीत धरा. मी नवं घेण्याआधी जुन्या प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ काढली आणि मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवला. कंटाळवाणं काम आहे, पण जुनं मशीन चालू आहे तोवरच ते होतं.

७. खरेदी उन्हाळ्यात करा. जुलै ते ऑक्टोबर आमच्याकडे मान वर करायला वेळ नसतो, आणि नव्या मशीनवर हात बसायला, फॉन्ट लावायला, छपाईवाल्याकडे चाचणीची पानं पाठवून बघायला वेळ लागतोच. शिवाय संगणकावर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो, पण त्या आर्थिक वर्षात तो १८० दिवसांहून कमी वापरला गेला तर निम्माच. मे महिन्यात घेतलेल्या मशीनला ही अडचण येत नाही. तुमच्या बाबतीत हे कितपत लागू आहे ते सीएला विचारा.

८. नवं घेताना पैसे उरले तर मॉनिटरला घाला. दिवसभर काना-मात्रा डोळ्यांनीच तपासायच्या असतात.

९. जुनं मशीन लगेच काढून टाकू नका. माझ्याकडे ते इंटरनेटशिवाय ठेवलंय, फक्त पेजमेकरच्या फायलींसाठी. कोणी पंधरा वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेतला लेख मागायला आलं की ते चालू करतो, पीडीएफ काढतो, पेन ड्राइव्हवर देतो. ज्या दिवशी ते भंगारात जाईल, त्या दिवशी डिस्क आधी काढून घेईन आणि उरलेलं नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात देईन.