अमेरिकेतील गव्हाचे अनुदान : पैसा पिकाला की जमिनीला?



गट मेळाव्यात एफ.आर.पी.चा विषय निघाला की कोणीतरी उठून म्हणतेच, "साहेब, अमेरिकेत सरकार शेतकऱ्याला घरबसल्या पैसे देतं, मग आम्हालाच का नाही?" एका वाक्यात उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही. म्हणून एका गहू पिकविणाऱ्या भागाचा हिशेबच येथे मांडतो.

वॉशिंग्टन राज्याच्या (राजधानीचे शहर वेगळे) पूर्व भागात व्हिटमन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा. गव्हासाठी ती साऱ्या देशात नावाजलेली. वाऱ्याने आणून टाकलेल्या मातीच्या टेकड्या, बहुतेक शेती कोरडवाहू, आणि गव्हाबरोबर मसूर-हरभऱ्याची फेरपालट.

तेथे शेतकऱ्याच्या जमिनीला कागदोपत्री 'आधार एकर' ठरवून दिलेले असतात. मागील ठराविक वर्षांच्या पेऱ्यावरून ते धरलेले आहेत. कायद्यात गव्हाचा एक आधारभाव असतो. देशातील वर्षभराची सरासरी त्याच्या खाली गेली, तर मधला फरक सरकार देते. २०१६ च्या पिकाला आधारभाव होता बुशेलला (सुमारे २७ किलो) ५.५० डॉलर, आणि सरासरी निघाली ३.८९. फरक १.६१ डॉलर. आता समजा, १०० आधार एकर आहेत आणि कागदोपत्री उतारा एकरी ३५ बुशेल आहे. पैसे ८५ टक्के एकरांवरच मिळतात. म्हणजे ८५ गुणिले ३५ गुणिले १.६१, सुमारे ४,७९० डॉलर. यातूनही थोडी कपात होते. २०२५ च्या कायद्याने हा आधारभाव ६.३५ डॉलर केला आहे.

येथे नीट लक्ष द्या. त्या वर्षी शेतात गहू असलाच पाहिजे असे नाही. गव्हाच्या आधार एकरावर मसूर पेरली तरी पैसे गव्हाचेच. घरबसल्या म्हणतात ते काही अंशी यामुळे, आणि काही अंशी १९८५ च्या एका योजनेमुळे. धुपणारी जमीन दहा-पंधरा वर्षे गवताखाली ठेवली की सरकार तिचे भाडे देते.

दुसरी गोष्ट वेळेची. बाजारवर्ष संपल्याशिवाय सरासरी निघत नाही. ऑगस्ट २०१६ ला कापलेल्या गव्हाचा फरक ऑक्टोबर २०१७ नंतर हातात! आपल्याकडे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत बिल, नाहीतर १५ टक्के व्याज. ते वेळेवर मिळते का, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. पण एफ.आर.पी. सरकारी तिजोरीतून येत नाही. ती कारखान्याने साखर विकून द्यायची असते. तिकडे गहू घेणारा व्यापारी बाजारभावच देतो आणि वरचा फरक तिजोरी सोसते. पीकविम्याच्या हप्त्यातलाही निम्म्याहून अधिक वाटा सरकारच भरते. म्हणून दोन्ही भाव शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

मग हा पैसा शेवटी कोणाच्या खिशात जातो? तिकडे पुष्कळ जमीन भाड्याने कसली जाते. रोख भाडे असेल तर कायद्याने पैसे कसणाऱ्याला मिळतात. वाट्याची शेती असेल तर मालक आणि कसणारा यांच्यात वाटून. परंतु आधार एकर जमिनीला चिकटलेले आहेत हे मालकालाही ठाऊक असते. तो भाडे वाढवून मागतो. ज्याचे एकर जास्त त्याला रक्कम जास्त. माणशी मर्यादा आहे, पण तीही लाखाच्या वर डॉलरची.

आपल्याकडे २०१९ पासूनचा पी.एम. किसानचा हप्ता जमीनधारक कुटुंबाला येतो, खंडाने किंवा वाट्याने कसणाऱ्याला नाही. म्हणजे तिढा तोच, फक्त उलट्या बाजूने. उसाच्या बिलावरूनही मालक आणि कसणारा यांच्यात वाद होतात, ते आम्ही शेतकी ऑफिसात पाहतोच. खंडाने अगर वाट्याने ऊस करणाऱ्या सभासदांनी लागणीची नोंद देतानाच बिल कोणाच्या नावे काढायचे ते मालकाला बरोबर घेऊन चिटबॉयकडे लिहून द्यावे. तोड सुरू झाल्यावर नाव बदलणे कठीण जाते.